रिकामा भाग

आप्पांचा फोन आला तेव्हा हर्षदा ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून डब्यातली शेवटची चपाती संपवत होती. दिवस अगदी नेहमीचा होता. बाहेर पुण्याचं ऊन होतं, आत एसीचा गारठा होता आणि अडीचची मीटिंग तोंडावर आली होती.

"जेवलीस का?"

"जेवतेय. बोला."

आप्पा लगेच बोलले नाहीत. ती त्यांची सवयच होती. एक वाक्य झालं की दुसऱ्याआधी ते इतका वेळ घ्यायचे, की रेंज गेली असं वाटून समोरचा फोन ठेवून द्यायचा.

"हौसाक्काच्या गोठ्यात हाय मी," ते म्हणाले. "पवळीच्या पोटात तार हाय."

"पट्टा काय म्हणतोय?"

"हिरवा."

"मग झालं तर."

"झालं न्हाई. तार रुतलीय. चुंबकाच्या आडोशाला बसलीय. दोनदा ऐकलं मी."

हर्षदाने डब्याचं झाकण लावलं. "आप्पा, तो पट्टा शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर निघालाय."

"असंल की. ही उरलेल्या तीनातली असंल."

तिला हसू आलं. तेवढ्यात पलीकडे काही कुजबुज झाली आणि हौसाक्कांचा चढा आवाज कानात शिरला. "हर्षे, काय करू गं? तुझा बाप म्हणतोय पोट फाडून तार काढा. नदाफ डॉक्टर म्हणतोय, पट्टा हिरवा हाय, अपचन झालंय. गाय आठ म्हैन्यांची गाभण. तू सांग. पट्टा तू केलायस."

"पट्ट्यावर विश्वास ठेवा, अक्का. त्यात आप्पांचाच कान आहे."

"मग ऱ्हाऊ दे बाई. तू म्हणतीस तर ऱ्हाऊ दे."

फोन परत आप्पांकडे गेला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी ते रेकॉर्डिंग दिलं हुतं, ते सगळं ऐकलंस न्हवं तू?"

"हो आप्पा. सगळं."

पुन्हा शांतता. गाईची शेपटी कशावर तरी आपटल्याचा आवाज.

"ठेवू का? मीटिंग आहे."

"ठेव."

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने चहाचा कप ओसरीवर आणला, तेव्हा आप्पा खांबाला टेकून बसले होते. आईला वाटलं, नेहमीसारखे थांबलेत. चहावर साय धरली तेव्हा तिला कळलं.

*

मारुती लवटे, म्हणजे आप्पा, पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. चिंचखोरीत आणि आसपासच्या सात-आठ गावांत मात्र त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. खरे डॉक्टर आले आणि गेले. हे तिथेच राहिले.

गाय चारा चावून खात नाही, आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यात खिळा असला, तार असली, तर ती पोटात जाते. चार पोटांपैकी पुढच्या, जाळीदार पोटात जाऊन पडते. त्या पोटाच्या पुढे चार बोटांवर काळीज. तार नुसती पडून राहिली तर गाय वर्षानुवर्षं जगते. भिंतीत रुतली आणि पुढे सरकत गेली, तर मरते.

पूर्वी असं क्वचित व्हायचं. मग पाऊस भरवशाचा राहिला नाही आणि माणदेशात घरोघरी मुरघासाचे, म्हणजे हिरवा चारा दाबून आंबवायचे, खड्डे झाले. खड्ड्यावर प्लास्टिक, आणि प्लास्टिक उडू नये म्हणून वर जुने टायर. टायर उन्हात तडकले, त्यांच्यातली केसासारखी पोलादी तार सुटून मुरघासात मिसळली. दहा वर्षांत निम्म्या गोठ्यांतल्या गाईंच्या पोटात तारा गेल्या. दूध संघाने प्रत्येक गाईला बोटाएवढं लोहचुंबक गिळवायला सुरुवात केली. ते पोटात बसून तारा धरून ठेवतं. पण धरलेली तार कोणती आणि रुतलेली कोणती, ते बाहेरून कसं कळायचं?

आप्पांना कळायचं. त्यांच्याकडे त्यांनी स्वतः जोडलेला एक डबा होता. डब्यात दोन विद्युतमंडलं, दोन्ही जवळजवळ एकाच वेगाने थरथरणारी. एक डब्यात बंद. दुसऱ्याचं तांब्याच्या तारेचं वेटोळं, ताटाएवढं, दांड्याच्या टोकाला. तंबोऱ्याच्या दोन तारांत एक किंचित उतरलेली असली की छेडल्यावर त्यांच्यामध्ये लाट ऐकू येते, तशी या दोन थरथरींतल्या फरकाची गुणगुण हेडफोनमध्ये येत राहायची. वेटोळ्याजवळ लोखंड आलं की गुणगुण उतरायची. तांबं-पितळ आलं की चढायची. एवढंच यंत्र. बाकी सगळं कानात.

हर्षदा आठ वर्षांची असताना त्यांनी तिला शिकवलं होतं. जुन्या गोणीत ओला कडबा, कोंडा, मध्ये फुटबॉलची रबरी पिशवी, तिला सायकलचा पंप. पंप दाबला की गोणी आतून हलायची. गोणीत चुंबक आणि तारा. डोळ्यांना पंचा बांधून ती वेटोळं धरायची. तिला ते छान जमायचं. मग बारावी, इंजिनिअरिंग, पुणे. गोणी माळ्यावर गेली.

साठीनंतर आप्पांचा हात लवकर थकायला लागला, तेव्हा तिनेच सुचवलं. दांड्याला हालचाल मोजणारी चकती बसवली, डब्याला रेकॉर्डर जोडला. अकरा महिने आप्पा गोठे हिंडले आणि प्रत्येक गाईचा सूर, हाताची हालचाल आणि त्यांचं निदान साठत गेलं. त्यावर तिने प्रोग्राम शिकवला. आठ वेटोळ्यांचा पट्टा गाईच्या छातीखाली बांधायचा. वेटोळी एकामागून एक चालू होतात, जणू हात फिरतोय. नऊ सेकंदांत हिरवा किंवा तांबडा. संघाने जिल्हाभर पट्टे वाटले. आप्पांना बोलावणारे कमी झाले. तक्रार त्यांनी केली नाही. डबा खुंटीला टांगून ठेवला आणि रोज सकाळी पुसत राहिले.

*

अग्नी हर्षदाने दिला. एकुलती एक होती. भाऊकीत थोडी चुळबुळ झाली, पण आई म्हणाली, "तीच देणार," आणि विषय संपला. म्हणून दहा दिवसांचं सुतकही तिला पुरतं पाळायचं होतं.

चौथ्या दिवशी हौसाक्का आल्या. अंगणात, तुळशीच्या अलीकडेच थांबल्या. डोळे पुसून झाल्यावर घुटमळल्या.

"पवळी कशी आहे?" हर्षदाने विचारलं.

"उतारावर कण्हती. पाठ वर काढून हुबी ऱ्हाती. पट्टा रोज बांधतीया बाई, रोज हिरवा."

"मी येऊन बघते."

हौसाक्का मागे सरल्या. "नगं. गाभण हाय ती. सुतकाचा हात नगं लागाया. रागावू नगंस."

"दुसऱ्या कुणाला..."

"कोण हाय दुसरं? हुता त्यो गेला. दहावं हुंदे, मग ये."

एक्स-रेसाठी गाय जिल्ह्याला न्यायची, तर टेम्पोच्या हादऱ्यांनी तार पुढे सरकण्याचं भय. डॉक्टर नदाफ भला माणूस होता, पण हिरव्या पट्ट्यावर आणि मेलेल्या माणसाच्या शब्दावर तो आठ महिन्यांच्या गाभण गाईचं पोट कसं उघडणार? हौसाक्कांच्या घरात दोघी, त्या आणि पवळी.

हर्षदाने खुंटीवरचा डबा काढला. रेकॉर्डर तसाच होता. शेवटच्या दिवशीचं, पवळीचं, रेकॉर्डिंग चौदा मिनिटांचं. लॅपटॉप जोडून तिने ते आपल्या प्रोग्राममध्ये घातलं. मनाशी म्हणाली, पट्ट्यासारखंच हिरवं येईल, आणि आप्पा म्हातारे झाले होते असं स्वतःला समजावता येईल.

हिरवंच आलं. पण खाली एक ओळ होती, ती तिने याआधी कधी नीट वाचली नव्हती. 'एकूण चौदा मिनिटं. रिकामा भाग काढून: एक मिनिट पन्नास सेकंद.'

रिकामा भाग म्हणजे काय, ते तिनेच ठरवलं होतं. हात दहा सेकंदांहून जास्त थांबला, तर माणूस विश्रांती घेतोय असं समजून तेवढं कापून टाकायचं. प्रोग्राममध्ये एक ओळ. थकलेला हात आहे, साठीचा माणूस आहे, टेकणारच. अकरा महिन्यांच्या चारशे तासांचे त्या ओळीने साठ केले होते, आणि साठवरच पट्टा शिकला होता.

तिने कापलेली बारा मिनिटं लावली. गुणगुण. पंधरा सेकंद, तीस सेकंद, काहीच नाही. पन्नासाव्या सेकंदाला सूर हलल्यासारखा झाला आणि परत जागेवर. पुन्हा मिनिट. पुन्हा तसंच. आप्पांचा श्वास. हात जराही हललेला नाही.

"हे काय करतायत?" ती स्वतःशीच म्हणाली.

आई दाराशी उभी होती. "थांबलेत," ती म्हणाली. "अजून काय?"

"कशासाठी पण?"

"मला इचारतीस? माझ्या बापानं लग्नाचं इचारलं, तर ह्ये असंच मिनिटभर गप. माझा बाप उठला, पायताण घातलं, निघाला. वेशीपत्तुर गेल्यावर ह्यांनी मागनं हाक मारली, व्हय म्हणून." आईने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत, ते कळलं नाही.

माळ्यावरून गोणी आईनेच काढून दिली.

मग हर्षदाला आठवत गेलं, गोणीत तो पंप कशासाठी होता ते. पुस्तकातही सापडलं. ते जाळीदार पोट साधारण मिनिटाला एकदा आकसतं, लागोपाठ दोन झटक्यांत. आकसलं की चुंबक आणि त्याला चिकटलेलं सगळं वर उचललं जातं, आणि वेटोळ्याखालचं लोखंड क्षणभर दूर जातं. उतरलेली गुणगुण वर येते. पुरती वर आली, तर पोटात रुतलेलं काही नाही. केसभर खालीच राहिली, तर चुंबक गेल्यावरही तिथे काहीतरी उरलंय. मिनिटभर थांबायचं ते त्या एका क्षणासाठी. चुंबक असताना काय ऐकू येतं याला किंमत नव्हती. ते गेल्यावर काय उरतं, ते ऐकायचं होतं.

समजणं एका दुपारचं काम होतं. ऐकू येईना.

आई पंप घेऊन बसली. हर्षदा डोळ्यांना पंचा बांधून समोर. आई कधी तार मोकळी सोडायची, कधी गोणीला टोचायची, कधी तार घालायचीच नाही.

"आहे."

"न्हाई."

"आता आहे."

"आताबी न्हाई. घाई किती गं तुला."

पहिले दोन दिवस ती नुसती अंदाज मारत होती. कान आवाजाच्या मागे धावायचा. आवाज बदलला की तोंडातून उत्तर निघून जायचं. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की आपण त्या मिनिटात ऐकतच नाही. मीटिंगचा विचार करतो, पट्ट्यांचा करतो, चहावरच्या सायीचा करतो, आणि क्षण येऊन जातो. तिने श्वास मोजून पाहिले. मग मोजणंही सोडलं. पाचव्या दिवशी गोणीतला झटका येण्याआधीच गुणगुणीत एक बारीक कंप येतो, तो तिला ऐकू आला. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत फक्त दोनदा चुकली.

"आता तुझ्या बापासारखी दिसाया लागलीस," आई म्हणाली. "तोंड उघडं टाकून."

*

अकराव्या दिवशी सकाळी अंघोळ करून ती हौसाक्कांच्या गोठ्यात गेली. डॉक्टर नदाफ आधीच आले होते. पवळी कोपरं फाकवून उभी होती, डोळे खोल गेलेले. समोरचा घास तसाच.

"हर्षदाताई," नदाफ म्हणाले, "पट्टा तुमचा, हिरवा तुमचा. आता तुम्हीच कापा म्हणणार?"

"अजून काही म्हटलं नाही मी."

तिने पवळीच्या डाव्या कोपराच्या मागे वेटोळं धरलं. गुणगुण खोल उतरली, चुंबक. ती थांबली. गोणी वेगळी आणि जिवंत जनावर वेगळं. गाईचा श्वास, कातडीची थरथर, स्वतःच्या कानातली नाडी. पहिलं मिनिट वाया गेलं. दुसऱ्यात झटका इतका मंद होता की शंका आली. दुखऱ्या पोटाने आकसणंही कमी केलं होतं. तिसऱ्यात गुणगुण वर आली, अजून वर आली, आणि मुक्कामाच्या अलीकडे, एखादा माणूस उंबऱ्याबाहेरच उभा राहावा तशी, थांबली.

तिने हात हलवला नाही. चौथं मिनिट. पाचवं. प्रत्येक वेळी तेवढंच अंतर उरत होतं.

नदाफांनी घड्याळाकडे बघितलं. "ताई, हात दुखला असेल तर टेका जरा."

"नाही," ती म्हणाली. "तार आहे. पुढच्या भिंतीत."

"लेखी देता?"

"देते."

"नको," ते हातमोजा चढवत म्हणाले. "आप्पांनी कधी दिलं होतं?"

डाव्या कुशीला भूल दिली, पवळी उभीच होती. नदाफांचा हात कोपराच्या वरपर्यंत आत गेला. पहिल्यांदा चुंबक बाहेर आलं, साळिंदराच्या पिलासारखं, तारांनी भरलेलं. आणखी काही नव्हतं. नदाफांनी हर्षदाकडे पाहिलं नाही. हौसाक्का पवळीच्या कपाळावर हात ठेवून पुटपुटत होत्या. हात पुन्हा आत गेला, बराच वेळ आत राहिला.

"हां," नदाफ म्हणाले.

बोटभर लांबीची तार होती. त्यांनी ती धुतली आणि हर्षदाच्या तळहातावर ठेवली. वजनच नव्हतं तिला.

"तुझ्या बापानं सांगितलं हुतं गं," हौसाक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पवळी वाचली. सहाव्या दिवशी तिने वासरू टाकलं, कालवड होती, मेलेली. पोटात इतके दिवस पू होता, ताप होता, असं नदाफ म्हणाले. लवकर उघडलं असतं तर, इथपर्यंत येऊन ते थांबले. हौसाक्कांनी निरोप पाठवला: गाय तरी राहिली, हर्षीला सांगा, जिवाला लावून घेऊ नको.

हर्षदाने त्याच दुपारी संघाला पत्र लिहिलं. पट्ट्याचा हिरवा मानू नका, चूक यंत्राची नाही, शिकवणाऱ्याची आहे. सगळे पट्टे परत मागवा. मी पहिल्यापासून शिकवते. किती दिवस लागतील असं त्यांनी विचारलं. चारशे तास ऐकायला जेवढे लागतात तेवढे, असं तिने कळवलं.

*

पहिलं रेकॉर्डिंग तिने ओसरीवर बसून लावलं, त्याच खांबापाशी. हेडफोन घातला नाही. आई शेजारी लसूण सोलत होती.

गुणगुण. गोठ्यातल्या माश्या. कुणीतरी म्हातारा खाकरला.

"डॉक्टर, उभ्या उभ्या झोप लागली का काय?"

आप्पा बोलले नाहीत. दहा सेकंद झाले. इथूनच पुढचं तिने कापलं होतं. वीस झाले, चाळीस झाले. गुणगुण हलली आणि जागेवर आली. मग आप्पांचा आवाज आला, हळू, जनावर बिचकू नये असा.

"वाईच थांबा, पावणं. पोरगी समदं ऐकणार हाय ह्ये. मी का थांबलोय, ते तिला येगळं सांगाया लागत न्हाई. गोणीवर शिकलीया ती."

"हुशार हाय म्हणं?"

"कान हाय तिला. माझ्यापरीस बरा."

पुन्हा शांतता. आईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. हर्षदाने रेकॉर्डिंग पुढे सरकवलं नाही. मिनिट पुरतं होऊ दिलं. गुणगुण वर आली आणि मोकळी झाली. त्या गाईच्या पोटात काही रुतलेलं नव्हतं.

"आप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "मी ऐकलं नव्हतं. सगळं ऐकलं म्हणाले, ते खोटं होतं. एकसुद्धा पुरतं ऐकलं नव्हतं."

आणि मग ती गप्प राहिली, तेवढाच वेळ, जेवढा ते नेहमी घ्यायचे.